सुधाकरने न मारलेला स्टार्टर

सुधाकर घाडी गेल्याचं कळलं तेव्हा मी मुलुंडच्या घरी पंख्याचा रेग्युलेटर उघडून बसलो होतो. सुनंदा वहिनींचा फोन. "सकाळी चाय घेतल्यानी, आनि बसल्या जागी गेले," एवढंच म्हणाल्या. मी 'निघतो' म्हणून फोन ठेवला आणि मनात पहिला शब्द आला तो... सुटलो. रडू नंतर आलं. पाच आठवडे झाले. तो शब्द कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहितो आहे. दुसरं कारण सुडाचं आहे, आणि तेही लपवत नाही.

सुधाकरच्या शोकसभेला एक गृहस्थ आले होते. घाटकोपरला राहतात, जुन्या परदेशी गाड्या बाळगतात. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, कारण आपलं नाव छापून आलेलं त्यांना फार आवडतं. त्यांना मालक म्हणू. मालक माइकवर म्हणाले, "घाडीचा हात चांगला होता हो. पण माझ्या एका इंजिनाची वाट लावली त्याने. असो, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं." लोकांनी माना हलवल्या. मी दुसऱ्या रांगेत होतो. एक वाक्य पुरलं असतं... मी चपलेचा अंगठा बघत राहिलो.

सुधाकर आणि मी, नाहूरला एका गाळ्यात आमची अकरा वर्षं गेली. इंजिन त्याचं, वायरिंग माझं. तो मालवणकडचा, तोंडाने फटकळ. मी मुळात कमी बोलणारा. इंजिन चालू असताना स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक लोखंडाला लावून तो डोळे मिटायचा आणि सांगायचा, "तिसऱ्या नंबराक खोकलो झालोहा." उघडल्यावर तिसऱ्यातच खोट निघायची. गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, "घाडी आहे का?" मी समोर बसलेला असायचो. सुधाकर मला चिडवायचा, "तू काय रे, देवळातलो नंदी! तुका हात लावन् लोक फुडे जातत." मी हसायचो. पण ते मला लागायचं, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

मालकांची ती गाडी म्हणजे दोन सीटची, उघड्या टपाची, हिरवी स्पोर्ट्स कार. आमच्या जन्माआधीची. तिचं इंजिन सुधाकरने नट न् नट सुटा करून पुन्हा बांधलं. आठ महिने लागले. अशा नव्याने बांधलेल्या इंजिनात तेल अजून सगळीकडे पोचलेलं नसतं. म्हणून आधी प्लग काढून ते नुसतं फिरवायचं, तेलाच्या मीटरचा काटा वर आला की मगच प्लग लावून चालू करायचं. नाहीतर आत लोखंडावर लोखंड घासतं आणि दोन मिनिटांत वाट लागते. मालकांनी पहिल्या स्टार्टसाठी घाटकोपरच्या आपल्या बिल्डिंगमध्ये मांडव घातला. भटजी, नारळ, जुन्या गाड्यांच्या क्लबातली मंडळी, मुहूर्त अकरा वीसचा. दहा वाजता सुधाकरला मीटरच्या नळीचा वायसर तडकलेला दिसला. नवा आणायला निघताना तो मला म्हणाला, "मी येयसर हात लाव नको. त्याल चढला नाय हा अजून."

अकरा दहा झाले. मालक घड्याळ बघत माझ्याजवळ आले. "घाडी कुठे मेला? मुहूर्त चाललाय. तुला येतं ना चालू करायला?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हे मला विचारलं होतं. "येतं," मी म्हणालो.

प्लग मी लावले. मीटरच्या सुट्या नळीचं तोंड बोल्ट घालून मीच बंद केलं. म्हणजे तेल चढलं की नाही, ते कळायची सोयही मीच काढून टाकली. स्टार्टर मारला आणि इंजिन पहिल्या झटक्यात पेटलं. काय आवाज होता... टाळ्या झाल्या, नारळ फुटला, मालक आत बसून फोटोसाठी जोरजोरात रेस देऊ लागले. मग आतून टकटक सुरू झाली, एक कर्कश किंचाळी आली, आणि इंजिन जाम. त्याच वेळी सुधाकर गेटातून आला, वायसरची पुडी हातात. त्याने प्लग बघितले, बोल्ट बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मालक सगळ्यांसमोर ओरडत होते, "काय जोडलंस रे हे? रिक्षा समजलास काय?" सुधाकर मी बोलायची वाट बघत होता. मी वाकून बॅटरीची वायर सोडवत होतो, मघाशीच सोडवलेली.

मालकांनी ही गोष्ट क्लबात तिखटमीठ लावून सांगितली. घाडीच्या हातात जुनी गाडी द्यायची नाही, असं ठरूनच गेलं. सुधाकर वाकोल्याला एका गॅरेजमध्ये रिक्षांची कामं करायला लागला. मालकांच्या बाकीच्या गाड्यांचं वायरिंग मात्र माझ्याकडेच राहिलं. हो, मी ते घेतलं.

मालकांनी हिरव्या गाडीत दुसरंच इंजिन बसवलं आणि जुनं भंगारात काढलं. सुधाकरने शोधत शोधत देवनारच्या एका भंगारवाल्याकडे ते गाठलं आणि टेम्पोत घालून नाहूरला आणलं. मला फोन केला, "रविवारी ये." सहा वर्षं मी दर रविवारी गेलो. तो पुन्हा एकेक भाग जमवत होता. त्याने पकडायला सांगितलं की मी पकडायचो, फिरवायला सांगितलं की फिरवायचो. चहा आला की तो हात पुसत विचारायचा, "काय सांगूचा आसा तुका?" मी म्हणायचो, "काय नाय रे." तो मान हलवून पुन्हा पाना उचलायचा. घट्ट केलेलंच पुन्हा सैल करायचा, पुन्हा घट्ट करायचा. मला वाटायचं, याचा हात आता थकला.

शोकसभेतून निघताना मालकांनी मला बाहेर गाठलं. "ते जुनं इंजिन घाडीकडेच आहे म्हणे? जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत मूळ नंबराचं, म्हणजे गाडीबरोबर आलेलंच इंजिन विचारतात हल्ली. बायकोशी बोलून बघ ना." एवढ्यासाठी आला होता हा माणूस! दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो आणि दारातच, चप्पल न काढता, सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "इंजिन दोन वर्सां तयार आसा. ह्ये म्हणायचे, तेच्या तोंडातसून येव दे, मगे स्टार्टर मारू."

म्हणजे दोन वर्षं. शंभर रविवार तरी झाले असतील. आपल्या हाताने बांधलेलं इंजिन एकदा ऐकण्यासाठी तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत बसला होता, आणि मी म्हणत होतो, काय नाय रे.

वहिनींनी मालकांना पुढच्या रविवारी नाहूरच्या गाळ्यावर बोलावलं. ते खुशीत आले, पेढे घेऊन. इंजिन स्टँडवर होतं. मी पुढे झालो तर वहिनी म्हणाल्या, "तुमी बाजूक ऱ्हवा." सुधाकरने सांगून ठेवल्याप्रमाणे त्यांनी स्वतः प्लग काढले, काटा वर येईपर्यंत फिरवलं, एकेक प्लग लावला आणि बटण दाबलं. दुसऱ्या झटक्याला इंजिन पेटलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं... कुठे खोकला नाही, टकटक नाही. मालकांच्या तोंडाला सुटलेलं पाणी दिसत होतं. "वहिनी, मी आजच टेम्पो पाठवतो!"

"आदी ह्यांचा आयका," वहिनी म्हणाल्या.

चालू इंजिनाच्या आवाजावर ओरडून मी ते सांगितलं. बोल्टसकट. मालक हसायला लागले. "अरे, जाऊ दे ना यार! किती जुनी गोष्ट. तेव्हाच बोलायचंस."

"बरोबर," वहिनी म्हणाल्या. "इंजिन इकूचा नाय. पेढे घेवन् जावा."

तेव्हा क्लबातल्या मंडळींनो, हिरव्या गाडीचं बॉनेट पुढच्या वेळी उघडलं की नंबर जरूर विचारा. मूळ इंजिन नाहूरला आहे, उत्तम चालतं आहे, आणि ते सुधाकर घाडीने बांधलं. पहिल्यांदाही त्यानेच उत्तम बांधलं होतं. ते मी मारलं.

मालक गेल्यावर मी पाने गोळा करायला लागलो, दर रविवारी करायचो तसे. वहिनींनी माझ्या हातातून ते काढून घेतले आणि सुधाकरच्या खिळ्यांवर एकेक करून टांगले. मग म्हणाल्या, "ह्या सगळा छापून आना. आनि मगे तुमी पन हयसर येव नकात."