इथे प्रवेश घेऊ नका

मार्केटिंग शिकवते म्हणजे बोलण्यात पटाईत असणार, हे कॉलेजचे प्रवेश सांभाळणाऱ्या आमच्या सरांनी परस्पर ठरवून टाकलं. त्यामुळे दर मे महिन्यात माझ्यासारख्या तासांवर शिकवणाऱ्या बायका पुण्यात वारज्याला कॉलेजच्या एका पत्र्याखालच्या खोलीत बसून बारावी झालेल्या मुलांच्या घरी फोन लावतात. "आपल्या पाल्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी..." एवढं म्हणेपर्यंत समोरचा फोन ठेवून देतो. शहाणा असतो तो.

वर्षभर मी वर्गात घसा कोरडा करते. आधी ग्राहकाची गरज ओळखा, मग वस्तू दाखवा. तहान ही गरज, थंडगार कोला ही इच्छा. पोरं मोबाईलमध्ये बघत माना डोलावतात. आणि मे आला की समोरच्याला काय हवंय हे न विचारता आम्हीच कॉलेज गळ्यात मारायला बसतो. कंटाळा आलाय हो, अगदी मनापासून कंटाळा आलाय.

त्या दुपारी वाशीमचे एक एसटी ड्रायव्हर फोनवर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुमची पोरगी असती तं टाकली असती का तिथं?"

सर चहाला गेले होते. खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

"नसती टाकली," मी म्हटलं. "तुमच्या मुलीला काय आवडतं?"

"हिशोब लई चांगला जमते तिले."

"मग तुमच्याच गावी बीकॉम करू दे. घरी राहील, नीट जेवेल. आमच्या जाहिरातीत नोकरी लागलेल्यांचे फोटो आहेत ना, तेवढ्यांनाच चांगली नोकरी लागली. बाकीची मुलं हिंजवडीत फोन उचलायच्या नोकरीला लागतात, त्याला आमची पदवी कशाला हवी? नका पाठवू तिला."

फोन ठेवला आणि बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी पोरगी वाचली.

पुढच्याच आठवड्यात ते खोलीच्या दारात उभे. सोबत मुलगी, हातात फी भरल्याची पावती.

"अहो, मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"म्हणून तं आलो! सगळे कॉलेजवाले या या म्हनत होते. एकट्या तुमीच येऊ नका म्हनाल्या. जिथं अशी खरं बोलनारी बाई शिकवते, तिथंच राहू द्या माह्या पोरीले."

मी कपाळाला हात लावला. मुलगी माझ्याकडे बघून हसत होती. "मॅडम, आम्हाला तुम्हीच शिकवणार ना?" मी मान डोलावली.

सर मात्र खुशीत. "नेमकं काय बोललात हो त्यांच्याशी?"

"खरं सांगितलं. येऊ नका म्हटलं." रागानेच म्हटलं, निदान लाज तरी वाटेल. सरांनी खिशातलं पेन काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या टेबलावर नवा कागद होता. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं फोन लावला. "दादा, खरं सांगू का? माझी मुलगी असती ना, तर मी नसती टाकली इथं." मग ती थांबली, कारण कागदावर तिथे 'थोडं थांबा' असं लिहिलं होतं.

पलीकडून लगेच प्रश्न आला, "फॉर्म कधीपर्यंत भरता येईल?"