सुनेच्या केसांचा अंबाडा

माझा अंबाडा सुटून दुकानाच्या काचेच्या काउंटरवर पडला. ब्रश दाखवणारी पोरगी किंचाळली, तिला वाटलं काहीतरी मेलेलं पडलं. मेलेलं काही नव्हतं. मुठीएवढं गंगावन होतं, आणि ते तांबूस होतं. माझे उरलेसुरले केस पांढरे आहेत. शेजारी उभी असलेली माझी सून केसांना तांबूस रंग लावते. ते केस कुणाचे, हे जुळवायला दुकानात कुणाला वेळ लागला नाही.

आम्ही सुनेसाठी गरम हवेचा ब्रश घ्यायला मेन रोडला गेलो होतो. नातवाचा साखरपुडा निफाडला ठरला होता. सून पतसंस्थेत नोकरी करते, पार्लरमध्ये जाऊन बसायला तिला सवड नसते. ब्रश घरी असला की आपला आपण हात फिरवता येतो, म्हणाली. दुकानदार तुला गंडवेल, मी येते, असं मी म्हटलं. खरं म्हणजे मला घरात बसून कंटाळा आला होता.

पोरीनं एक जाड गोल, एक बारीक गोल आणि एक चपटा असे ब्रश काढून ठेवले. जाड हातात धरला तर चांगलाच जड लागला. "हा मानेमागं धरून हात भरून येईल," मी म्हटलं. "दुसरा दाखव. आणि ही वायर केवढीशी! आमचा आरसा कुठं, प्लग कुठं."

"ओल्या केसांवर चालतो का?" सुनेनं विचारलं.

"टॉवेलनं पुसून ओलसर राहतात ना ताई, तेव्हा फिरवायचा. निथळत्या केसांवर नाही. आणि तेल असेल तर अजिबात नाही, तेल तापून वास सुटतो."

सुनेनं आदल्या दिवशीच डोक्याला तेल लावलं होतं. पोरगी माझ्याकडे वळली. "मग आजी, तुम्ही बसा. तुमच्यावर दाखवते. केवढा छान अंबाडा आहे हो तुमचा!"

तेव्हाच मी उठून बाहेर जायला हवं होतं. पण 'केवढा छान' ऐकलं आणि बसले. पदर खांद्यावर घेतला. "अंबाड्याला हात लावायचा नाही. कानावरच्या बटेवर दाखव," एवढं मात्र बजावलं. ती बट मी माथ्यावरून नेऊन अंबाड्याभोवती गुंडाळलेली होती, माथा आणि आतलं दिसू नये म्हणून. ब्रश गरगर फिरला, बट ओढली गेली, आकडे निसटले आणि सगळं खाली आलं.

मी पदर डोक्यावर ओढून घेतला. तोवर मिक्सर बघायला आलेली माझ्याच वयाची एक बाई पुढं आली.

"अगं बाई, हे तर हिचे केस!" तिनं सुनेकडे बोट केलं. "सुनेची गुंतवळ सासूनं साठवायची? आमच्याकडे विंचरून झालं की थुंकून लांब टाकतात, कुणाच्या हाती लागू नये म्हणून."

"मावशी, तुम्ही तुमचा मिक्सर बघा," सून म्हणाली. पण आवाज बारीक झाला होता. तिनं गंगावन उचललं आणि उलटंसुलटं करून पाहिलं. ती काय विचार करतेय ते मला कळत होतं. गेलं वर्षभर तिचे केस मूठमूठ गळत होते. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. तिच्या आईनं एकदा माझ्यासमोरच विचारलं होतं, पोरीवर कुणी काही केलंय का म्हणून. तेव्हा सून हसली होती. दुकानात ती हसली नाही.

"आई, हे तुमच्याकडे कसं आलं?"

कसं आलं ते साधं होतं. तिचे केस मोरीत पडायचे. त्यावरून मी रोज तिला बोलायचे, केस आवर गं, मोरी तुंबते. आणि ती कामाला गेली की मीच ते गोळा करायचे. धुवायचे, वाळवायचे. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात मी जन्मभर गजरे बांधले. शेवंती बांधायची तीच गाठ मारून मी केस दोऱ्यात बांधत गेले आणि पेटीत कपड्यांखाली ठेवले. लपवून केलं, म्हणून आता ते वाईटच दिसत होतं. बाजारातून आणलं म्हटलं असतं तर तिनं मानलं नसतं. ती स्वतःचा रंग ओळखते.

"मला टक्कल पडलंय," मी म्हटलं. "म्हणून घेतले."

"असं कुठं असतं का?" ती बाई म्हणाली.

मग मी पदर काढला आणि सुनेपुढं मान खाली केली. माथा तळहातासारखा आहे माझा. "बघ. हात लावून बघ. मला मिरवायचं होतं, दुसरं काही नाही. तुझ्या वाइटावर नव्हते मी."

ब्रश तोवर काउंटरवर चालूच होता. पोरीनं तो बंद केला. सगळे बघत होते. ती बाई सर्वांत जास्त वेळ बघत होती. सुनेनं हात लावला नाही.

"पदर घ्या आई," ती म्हणाली.

तिनं चपटा ब्रश घेतला. वजनाला हलका होता, गार हवेचं बटण होतं. वायर आखूडच होती, पण मी काही बोलले नाही.

रिक्षात ती म्हणाली, "मागितले असते तर दिले नसते का मी?"

"कोणत्या तोंडानं मागायचे? रोज तुला केसांवरूनच बोलत होते."

"बोलत नव्हतात. वसवस करत होतात."

"हो," मी म्हटलं.

घरी आल्यावर तिनं पर्समधून गंगावन काढलं. "जाळू का हे?"

"तुझे आहेत."

तिनं मागच्या अंगणात ते जाळलं. वास फार सुटला. पूर्ण राख होईपर्यंत ती तिथून हलली नाही, आणि मी दारात उभी होते. निफाडला मी डोक्यावरून घट्ट पदर घेऊन गेले. सुनेचे केस चांगले बसले होते.

आता ती ब्रशमधले, कंगव्यातले केस कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकते आणि कामाला जाताना वाटेत कुठंतरी फेकते. मोरीत एक केस सापडत नाही. मी एकदा विचारलं, "अजून तुला तसं वाटतं का गं?"

"नाही हो आई. सवय लागली."

हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर तेच केलं असतं, वर चार घरी सांगितलंही असतं. तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही. तिच्या आईलाही नाही.

भर दुकानात तिच्यापुढं डोकं उघडं केलं, तरी तिचा पुरता विश्वास बसला नाही. आणि तिच्याच घरात राहते मी, तिच्या हातचं जेवते.