मैनेचे खूर

कारध्याच्या सत्यभामाबाईंची मैना ही वरातीची पांढरी घोडी. नवरा श्यामराव होते तोवर दर सव्वा महिन्याला भंडाऱ्याहून सेवकराम नालबंद यायचा, वाढलेले खूर कापून, कानस मारून, नाल बदलून जायचा. २०१३ च्या उन्हाळ्यात श्यामराव गेले. बाईंनी घोडीचं दाणापाणी, खरारा, साज, काहीच चुकू दिलं नाही. खुरांकडे मात्र त्यांचं लक्ष गेलं नाही. नालबंदाला निरोप धाडायचं काम कायम नवऱ्याचं होतं. अख्खा पावसाळा मैना ओल्या जमिनीवर उभी राहिली.

तुळशीच्या लग्नानंतरची पहिली वरात भंडाऱ्यातली. बँड वाजू लागला, नवरदेव बसला आणि शंभर पावलांतच मैनेने पुढचा डावा पाय उचलून धरला.

"काहून थांबली, बाई?" नवरदेवाचे वडील ओरडले.

"घोडी लंगडून राहिली. नवरदेवाले उतरवा."

"मांडव समोरच आहे. तेवढी तर ने!"

"नाई नेत. तिले दुखून राहिलं."

लोक चिडले, कोणी वाईटसाईट बोललं. शेवटी नवरदेव स्वतःच उतरला. "चला ना, पायीच जाऊ," म्हणाला.

बाई मैनेला हळूहळू चालवत सेवकरामच्या दारी गेल्या. त्याने पाय उचलला. खूर वाढून नाल सरकला होता, आणि तळव्याचा मऊ भाग कुजून वास मारत होता.

"वहिनी, मले निरोप काहून नाई पाठवला?"

"रोज खात होती, चालत होती, भाऊ. मले वाटलं, चांगली आहे."

"खूर रोज उचलून पाहा लागते." त्याने कुजलेलं कापून काढलं आणि कंबर धरून कसाबसा उभा राहिला. "आता माह्यानं वाकणं होत नाई. तुमीच शिका."

त्या हंगामातल्या सगळ्या वराती बाईंनी नाकारल्या आणि धानाच्या कापणीला मजुरीने गेल्या. जनावरांच्या डॉक्टरने दिलेलं औषध त्या रोज लावत. खूर कापायला शिकताना पहिल्याच दिवशी सुरी स्वतःच्या अंगठ्यात घुसली. मैनेने दोनदा लाथ झाडली. तरी फाल्गुनापर्यंत घोडी सरळ चालू लागली.

पुढे भंडाऱ्याचे दोन घोडीवाले आपली जनावरं बाईंच्या अंगणात आणू लागले. "खूर कापून किती दिवस झाले?" हा बाईंचा पहिला प्रश्न. "तीन महिने" म्हणणारा आधी बोलणी खायचा.

एकदा सेवकराम भेटायला आला. त्याने मैनेच्या खुरावरून बोट फिरवलं.

"उजवी बाजू जराशी उंच राहिली, वहिनी."

बाईंनी पदर खोचला आणि पुन्हा पाय मांडीवर घेतला.