यमुताईंची मारबत

पडदा वर जातो तेव्हा आधी दिसतात नुसत्या पाठी. बारा उंच खुर्च्या, त्यांवर बारा मुली. समोर भिंतभर भोकाभोकांचा बोर्ड, त्यावर लुकलुकणारे दिवे, कानांवर हेडसेट, बोटांत वायरी. परगावचे फोन जोडून देणारं नागपुरातलं हे ट्रंक एक्स्चेंज. साल १९७३, श्रावण सरत आलेला. आणि त्या बारा पाठींमागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पायांचा आवाज न करता फिरणाऱ्या बाई म्हणजे सुपरवायझर यमुताई. पिकलेला अंबाडा, कोपरापर्यंत पांढरं ब्लाउज, तारेचा चष्मा, मनगटावर पुरुषी घड्याळ.

मुली दिवसभर बोलत. "नंबर सांगा." "मुंबई लागली, बोला." "तीन मिनिटं झाली." परक्यांची लग्नं ठरवून द्यायच्या, परक्यांच्या मयतीचे निरोप पोचवायच्या. एकमेकींशी मात्र शब्द नाही. बोर्डावर ते चालतच नसे, आणि सुट्टीत त्राण नसे.

आदल्या वर्षी तिसऱ्या खुर्चीवरची प्रेमलता भर दुपारी हेडसेट उतरवून उठली आणि घरी गेली, ती परत आलीच नाही. यमुताई धंतोलीला तिच्या घरी गेल्या. प्रेमलतेने पाणी दिलं, पंखा लावला आणि तासभर समोर बसून एक अक्षर बोलली नाही. "बोलणं संपलंय हो तिचं," तिची आई म्हणाली. साखर संपलीय म्हणावं, तशी. ते घर यमुताईंच्या डोक्यातून जाईना. पोळी लाटता लाटता त्यांना तो पंखा ऐकू येई.

आता चौथ्या खुर्चीवरची पुष्पलता त्याच वाटेने निघाली होती. रोज कामठीहून बसने येणारी, मूळची तोंडाळ पोर. हल्ली डबा उघडायची आणि नुसती त्याच्याकडे बघत बसायची. तिच्या पर्समध्ये राजीनाम्याचा कागद घडी करून ठेवलेला यमुताईंनी पाहिला होता. हिला घालवायची नाही, काय वाटेल ते होवो, असं त्यांनी मनाशी धरलं.

त्यांचे अधिकारी कृष्णकांत नुकतेच दिल्लीहून कसलंसं ट्रेनिंग करून आले होते. म्हणाले, "मुलींना मिळून काहीतरी करायला लावा, यमुताई. मन मोकळं होतं. रामटेकला सहल काढा."

"आणि बोर्डावर कोण बसेल साहेब? रामटेकची माकडं?"

तोड काढली ती जिजाबाईने. जिजाबाई झाडलोट करायची, पाणी भरायची, राहायची इतवारीत. "मारबत करा नं बाई," ती म्हणाली. "पोळा आलाच. आमच्या गल्लीची निघते, तिच्यासंगं तुमचीबी जाईल. पोरी सुकून राहिल्या, दिसत नाही का तुमाले?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. बांबू-कागदाची बाई, गावाची सगळी इडापिडा तिच्या अंगावर घालायची आणि तिला गावाबाहेर नेऊन जाळायचं.

बोर्ड क्षणभरही रिकामा सोडता येत नसे, म्हणून दोघीदोघींच्या पंधरा मिनिटांच्या पाळ्या ठरल्या. विश्रांतीच्या खोलीत जायचं, थोडं काम करायचं, पुढच्या दोघींसाठी सोडून यायचं. "ज्यानं जीव दमतो ते तिच्यात घाला," यमुताईंनी सांगितलं. बांबूची पहिली कामटी त्यांनी स्वतः बांधली. मुलींना संकोच नको म्हणून मारबत पुरी होईपर्यंत खोलीत पाऊल टाकणार नाही, असा शब्दही दिला.

चौथ्या दिवशी त्या खोलीतून हसू ऐकू आलं. यमुताई बाहेर थबकल्या. आत पुष्पलता म्हणत होती, "अगं, पोट किती भरशील? हिला काय डोहाळे लागलेत?" त्या दुपारी तिने डबा संपवला, वर शेजारणीच्या लोणच्यावर हात मारला. आठवड्याभरात एकही आजारपणाची रजा नाही. यमुताई घरी गुणगुणत स्वयंपाक करू लागल्या. नवरा वामनराव म्हणाले, "पगार वाढला की काय?"

पोळ्याच्या दिवशी काम पुरं झाल्याचं जिजाबाईने सांगितलं, आणि यमुताई खोलीत गेल्या.

खुर्चीवर त्या स्वतः बसल्या होत्या.

सुतळीचा पिकलेला अंबाडा. कोपरापर्यंत पांढरं कापड. तारेचा चष्मा. पुठ्ठ्याच्या मनगटावर शाईने काढलेलं घड्याळ. पायांच्या जागी काहीच नव्हतं. पाय केलेच नव्हते.

कोपऱ्यात पुष्पलता भिंतीला चिकटून उभी होती. "ताई, आम्ही ठरवून नाही केलं हो. देवाशप्पथ. जिची तिची पाळी आली, जिनं तिनं आपलं आपलं घातलं. कोणी कोणाला विचारलंच नाही. शेवटी बघतो, तर..."

यमुताई मारबतीभोवती एक फेरी मारून आल्या. बाराजणींनी एकमेकींना न विचारता, न ठरवता एकच बाई केली होती.

"चष्मा कोणी केला?"

"मी," पुष्पलता पुटपुटली.

"डावी दांडी वाकडी कर. माझी वाकडी आहे."

पुष्पलता रडायला लागली. जिजाबाई मध्ये पडली. "मी नाही नेत हे. जित्या माणसाची मारबत नाही काढत, बाई. जाळलं का जाळलं. मागून काय होईल, कोणाले ठाऊक?"

"दुसरी करायला वेळ नाही."

"मंग एक साल राहू द्या वं!"

"एक साल ही पोर राहायची नाही, जिजाबाई. तू ने."

दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गर्दीत यमुताई एका दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. ढोल, गुलाल, आरोळ्या. "इडा, पिडा, घेऊन जा गे मारबत!" त्या गर्दीवरून आपला अंबाडा हेलकावत जाताना त्यांनी पाहिला. वाकड्या दांडीचा चष्मा त्यांच्या बाजूला वळला, क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि पुढे गेला. जाळायच्या जागी त्या गेल्या नाहीत. दुपारी कामावर असताना मात्र त्यांच्या अंगातून एकाएकी ऊब निघून गेली. भादव्याच्या त्या उकाड्यात त्यांनी शाल मागवली.

राजीनाम्याचा कागद पुष्पलतेने फाडला. यमुताईंनी पाठींमागून फिरणं सोडलं. मुलगी दमली की तिला उठवायच्या आणि तिच्या खुर्चीवर स्वतः बसायच्या. खोलीत रोज हशा पिकू लागला. कृष्णकांतांनी त्याबद्दल वर अहवालही पाठवला.

यमुताईंना मात्र एक खोड लागली. घरी आल्या की उंबऱ्यातच थांबायच्या. "अहो, मी आले का?"

"नाही, तुझं भूत आलंय," वामनराव म्हणायचे. "चहा टाक म्हणावं त्याला."

त्या हसायच्या नाहीत. आरशासमोर उभ्या राहून कुंकू लावायचं त्यांनी सोडून दिलं, बोटाने चाचपून लावायच्या. कधी बोर्डावर बसल्या की मान वळवून मागे बघायच्या. मागे कोणी नसे.

पुढे त्या निवृत्त झाल्या. १९८६च्या उन्हाळ्यात रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. पुष्पलता आता स्वतः सुपरवायझर झाली होती. जुन्या चौघीजणींना घेऊन ती भेटायला आली. खाटेभोवती नुसता कलकलाट: कोणाची सून, कोणाची बदली, कोणाचा गुडघा. यमुताई डोळे मिटून ऐकत होत्या, चेहऱ्यावर सुख होतं. मग त्यांनी डोळे उघडले आणि दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. त्यांनी पुष्पलतेचं मनगट घट्ट धरलं.

"दार लाव गं पुष्पा. ती वाकड्या चष्म्याची आत आली, की तुम्ही बोलायच्या थांबता."