छपराची टॉवेल-टोपी

माझ्या घराच्या भिंती मी स्वतः बांधल्या. यात खोटं काही नाही. चारही माझ्या हातच्या. फार तर साडेतीन म्हणा, कारण मागच्या भिंतीला माझी कंबर धरली आणि राहिलेली अर्धी गवंड्याने पुरी केली. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण पुढे जे सांगायचंय ते छपराचं आहे आणि तिथे माझी बाजू फार पडकी आहे.

मी थापाड्या माणूस. मळ्याच्या बांधावर कुत्रं दिसलं तर घरी पोचेपर्यंत त्याचा बिबट्या होतो आणि चहा उकळेपर्यंत त्या बिबट्याला दोन पिल्लं होतात. ओझरच्या कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होतो. जेवणाच्या सुट्टीत माझी गोष्ट संपल्याशिवाय भोंगा वाजत नसे, असं मी आजवर शेकडो लोकांना सांगितलंय. भोंगा अर्थातच वेळेवर वाजायचा. या सगळ्याने कधी कोणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते छपराच्या वेळी.

निवृत्त झाल्यावर गिरणाऱ्याच्या बाजूला चार गुंठे घेतले आणि घर काढलं. सगळे म्हणाले, स्लॅब टाका. मला कौलंच हवी होती, आणि तीही जुनी. पंचवटीत एक घर पाडत होते तिथून थोडी आणली, विंचूरच्या एका पडक्या गोदामाची थोडी, उरलेली ओझरच्या बंद पिठाच्या गिरणीची. पालथी केली की एकाच्या पोटावर हत्ती, दुसऱ्याच्या तारा, तिसऱ्याच्या कमळ; ज्या त्या कौल कारखान्याचा छाप. मला वाटलं, कौल म्हणजे कौल, चित्राशी काय करायचंय!

कौलाच्या पोटाला दोन खुंट्या असतात. वाशांवर आडव्या लाकडी रिपा ठोकायच्या आणि खुंट्या त्या रिपांत अडकवायच्या; एवढंच काम. दोन रिपांत अंतर किती ठेवायचं, हा एकच प्रश्न. मी विमानांच्या कारखान्यातला माणूस. हत्तीवालं एक कौल घेतलं, कपाटातून व्हर्निअर काढला, तीनदा माप घेतलं, कागदावर आकृती काढली आणि छपराच्या दोन्ही पाख्यांवर, म्हणजे उतारांवर, रिपा ठोकल्या. केसाचा फरक नव्हता. एका टोकाला डोळा लावून बघावं, रेल्वेचे रूळ वाटावेत.

हत्तीवाली कौलं बसली. ताऱ्याच्या खुंट्या रिपेपर्यंत पोचेनात. कमळाची पोचली, पण उकिडव्या बसलेल्या बायांसारखी उंच राहिली. तरी मी रेटून अर्धं पाखं भरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वावटळ आली आणि बारा कौलं घसरून बायकोच्या तुळशीपाशी फुटली. शेजाऱ्याला मी चाळीस सांगितली.

बायको तुकडे गोळा करताना म्हणाली, "अहो, विमानंसुद्धा अशीच बनवायचात का?"

कौलं जाणणाऱ्या बाबांना शोधलं तिनेच. बाजारात पेठ तालुक्याकडची एक भाजीवाली तिच्या ओळखीची होती, तिच्या पाड्यावरचे हे म्हातारे. घरं शाकारण्यात हयात गेलेली. वय सत्तरीचं, अंगावर मांस नावाला. सकाळच्या एसटीने आले, खांद्यावरच्या पिशवीत एक हातोडी आणि सुतळीचा गुंडा. छपराकडे बराच वेळ बघत राहिले.

"सायेब, रिपा कुणी मारल्या?"

"मी," म्हणालो.

"लय सरळ मारल्यात."

माझी छाती फुगली.

"काढा समद्या."

मी व्हर्निअर दाखवला, आकृती दाखवली. बाबांनी दोन्ही गोष्टी आदराने हातात घेतल्या, बघितल्या आणि परत दिल्या. "कौलं तीन घरची हायेत सायेब. तीन घरच्या सुना एका मापाच्या असत्यात का? कौल सांगंल तिथं रीप मारायची. आपण कौलाला सांगायचं नाय."

मग मी बघत राहिलो. आधी त्यांनी दोन हजार कौलं एकेक करून डाव्या हातावर तोलली आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवली. खणखणलं ते घ्यायचं, बद्द वाजलं ते बाजूला. मग हत्ती, तारा, कमळ वेगळे केले. पुढच्या पाख्यावर हत्ती, मागच्यावर तारा, पडवीवर कमळ. वळचणीपासून सुरुवात करून वर वर चढत गेले. कौल ठेवायचं, त्यावर दुसरं बसवून बघायचं, मग रीप मारायची. फूटपट्टी कौलाचीच. अकरा दिवस लागले. त्यातलं माझं काम एकच, खालून कौल वर देणं. तेही दुपारनंतर बायकोच द्यायची.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर दहाच्या सुमाराला ऊन कुठून यावं, हे बाबांनी तिला ओट्यापाशी उभं करून विचारलं आणि नेमक्या त्या जागी काचेचं एक कौल बसवलं. आता सकाळी तिथे भाकरी थापताना दिवा लावावा लागत नाही.

शेवटच्या दिवशी आढ्यावरची कौलं सिमेंटात बसवून बाबा खाली उतरले, हात धुतले. मजुरी आधीच पोचती झाली होती. म्हणाले, "सायेब, एक मागतो. वास्तुशांत घालाल तवा मला बोलवा. टॉवेल-टोपी चारचौघांत द्या."

आमच्याकडची ही रीत. वास्तुशांतीला ज्यांनी घर उभं केलं त्या कारागिरांना टॉवेल, टोपी आणि नारळ देऊन मान करतात.

"त्यात काय मागायचं बाबा," मी म्हणालो, "देणारच की."

"तसं नाय. आता समदी स्लॅब टाकत्यात, नायतर पत्रा. चार वरसांत हे माझं पयलं घर. लोकं बघतील, इचारतील कुणी केलं. एखादं काम गावंल. पाय चालत्यात तवर करीन म्हणतो."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "अख्ख्या नाशिक जिल्ह्याला सांगतो, बाबा."

आणि सांगितलं. पण काय सांगितलं, ते लिहिताना आजही कान तापतात.

वास्तुशांतीला शंभर माणसं होती. (सत्तर.) पूजा झाली, पहिली पंगत बसायच्या आधी लोक घरभर फिरले, आणि सगळ्यांच्या माना वर. भिंतींकडे कोणी बघेना! साडेतीन भिंती मी कंबर मोडून बांधल्या आणि लोक म्हणतायत, छप्पर काय झालंय! कारखान्यातला एक जुना सोबती म्हणाला, "काय रे, हेही तूच केलंस?"

मी नाही म्हणणार होतो. तोंड उघडलं तेव्हा नाहीच म्हणायचं होतं. पण त्याच्या मागे आणखी सहा जण येऊन उभे राहिले, आणि सहा माणसं समोर उभी राहिली की माझ्या जिभेचा ताबा माझ्याकडे राहत नाही. "मग काय विमानाने आलं?" म्हणालो. हशा झाला. झालं, सुटलो. दोन हजाराची पाच हजार कौलं झाली. वावटळीत मी आढ्याला मिठी मारून बसलो. तीन घरच्या सुनांचं वाक्य मी माझं म्हणून सांगितलं, त्यालाही हशा मिळाला. कोणीतरी काचेच्या कौलाचं विचारलं. "डोकं लागतं त्याला," मी म्हणालो.

हे बोलताना नजर पंगतीकडे गेली. पहिली पंगत बसली होती. शेवटच्या पानावर बाबा होते. धुतलेला पांढरा सदरा, डोकं उघडं. टोपी मिळणार म्हणून उघडं. पुढ्यात वरणभात, हात भातात, आणि बघत होते माझ्याकडे.

तेवढ्यात भटजींनी हाक दिली, "यजमान, कारागिरांचा मान राहिलाय. बोलवा त्यांना."

बायको ताट घेऊन बाहेर आली. टॉवेल, टोपी, नारळ. ती सरळ बाबांच्या दिशेने निघाली होती. मध्येच माझ्या मेहुण्याने, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, ताट तिच्या हातातून घेतलं. त्याची चूक नाही. माझी गोष्ट त्याने पहिल्या रांगेत उभं राहून ऐकली होती.

"कारागीर हा काय इथं उभाय! दाजी, वाका खाली!"

माणसं टाळ्या वाजवायला लागली. माझ्यासमोर एक वाक्य बोलायची जागा होती. लहानसं वाक्य, चार शब्दांचं. ते आलं नाही. जन्मभर ज्या तोंडाला कधी शब्द कमी पडला नाही, ते बंद राहिलं आणि मी वाकलो. त्याने टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, टॉवेल गळ्यात टाकला, नारळ हातात दिला. फोटो काढले. त्या फोटोत मी हसतोय.

बायको हसत नव्हती. ती आत गेली आणि ओट्यापाशी, त्या उन्हात, पाठ करून उभी राहिली.

बाबांनी पानातलं सगळं संपवलं. पान वाया घालवणाऱ्यांतले ते नव्हते. हात धुतले, वळचणीखाली उभं राहून एकवार वर पाहिलं, खालच्या ओळीतलं एक कौल तळहाताने थोडं सरकवून सारखं केलं. मी फाटकापर्यंत मागे धावलो. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेली. पण ती आता काय द्यायची?

"बाबा, स्टँडवर सोडतो."

"नको सायेब. पावणे हायेत घरात."

पंधरा दिवसांनी मेहुण्याचा फोन आला. त्याची वणीच्या रस्त्याला द्राक्षबाग आहे. "दाजी, पर्यटकांसाठी आठ खोल्या काढतोय. कौलारू करायच्यात, तुमच्या घरासारख्या. तुम्हीच यायचं बरं का."

आठ खोल्या! बाबांचं वर्षभराचं काम माझ्या फोनमध्ये बोलत होतं. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. रिपा, व्हर्निअर, बारा फुटकी कौलं, पेठचे बाबा, सगळं. आयुष्यात इतकं सरळ मी कधी बोललो नव्हतो.

पलीकडे तो पोट धरून हसत होता. "दाजी, यायचं नसेल तर नाही म्हणा. एवढा म्हातारा कशाला जन्माला घालता?"

बायकोने फोन हिसकावून घेतला. "अरे, खरं बोलतायत ते."

"ताई, तू त्यांच्या बिबट्यालाही खरं म्हणालीस."

तिने फोन माझ्या हातात परत दिला. तीस वर्षं माझ्या प्रत्येक थापेला ती पाहुण्यांसमोर 'हो ना' म्हणत आली, माझी लाज राखायला. तिच्या शब्दाची पतसुद्धा मीच खाऊन टाकली होती.

दुसऱ्या दिवशी जायला हवं होतं. गेलो नाही. बाबांसमोर उभं राहायची हिंमत गोळा करायला मला महिना लागला. मग नवी टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन मोटारसायकलवरून त्यांच्या पाड्यावर गेलो. बाबा अंगणात सुतळी वळत होते. बसायला गोणपाट दिलं, पाणी दिलं.

"त्या दिवशी बोलला का नाहीत, बाबा? एका शब्दात मला खोटं पाडता आलं असतं."

"तुमच्या दारात जेवायला बसून तुम्हालाच खोटं पाडू?" ते म्हणाले. त्यात राग असता तर मला सोसला असता.

त्यांना मागे बसवून मी तडक वणीच्या रस्त्याला लागलो. मेहुण्याच्या बागेत पोचलो आणि गाडी उभी करायच्या आधीच दिसलं. आठही खोल्यांवर लाल पत्रे चढले होते. हल्ली मिळतात ना, कौलांचा ठसा उठवलेले, तसले.

"तुम्ही नाही म्हणालात," मेहुणा म्हणाला, "मग म्हटलं, कौलाचं काम येतं कोणाला आता?"

मी तिथेच, पत्रेवाल्यांच्या देखत, बाबांच्या डोक्यावर टोपी ठेवली, टॉवेल दिला, नारळ दिला. म्हणालो, माझं छप्पर यांनी केलंय. मेहुणा एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघू लागला. शेवटी त्यानेच विचारलं, "काय बाबा, खरं?"

बाबा पत्र्याच्या कडेला पेराने वाजवून बघत होते. "छप्पर माझं," म्हणाले. "भिंती सायबांच्या. चांगल्या बांधल्यात."

मेहुण्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. पण पत्रे चढले होते.

परत येताना पाड्याच्या अलीकडेच बाबांनी खांद्याला हात लावून गाडी थांबवली. उतरले, टोपी काढली, घडी करून खिशात घातली.

"घाला ना," मी म्हणालो.

"घातली की इचारतील कुणाच्या घराची. मान घरात देत्यात सायेब. ही रस्त्यातली हाय." मग माझं तोंड बघून म्हणाले, "पावसाच्या आधी येतो. फुटकी-सरकली कौलं चाळायला लागतील."

नंतर त्यांनी कळवलेला दिवस आता आठवड्यावर आलाय. त्या दिवशी मी पुन्हा तीच सगळी माणसं जेवायला बोलावलीत, मेहुणाही आहे. कार्य कसलं, ते कोणाला सांगितलेलं नाही. बायको म्हणते, सांगूच नका, तुमच्या तोंडून गेलं की खरंही खोटं वाटतं. बाबा वर चढतील, कौल वाजवतील, लोक खालून बघतील. ते उतरले की ताट ती देईल.

मी फक्त खालून कौलं वर द्यायची आणि गप्प बसायचं. सराव चालू आहे. काल अख्खा अर्धा तास जमलं. बायको म्हणते, दहा मिनिटं.