हसू नको, आत्या

अन्याय झाला तो हिराबाईवर. हिराबाई म्हणजे माझी सख्खी आत्या, राहणार गव्हाण. वेळ, होळीनंतरचा पहिला शनिवार, दुपारी पावणेदोन. ठिकाण, खारघरमधला एक जर्मन थाटाचा पब. अन्याय करणारी मी. आमच्या चळवळीच्या पत्रकांत हे सगळं पहिल्या चार ओळींत यावं लागतं... कोणावर, कधी, कुठे, कोणी केला. ‘कोणी’च्या पुढे माझं नाव लिहायची वेळ पहिल्यांदाच आली आहे.

आत्या जाऊन सहा आठवडे झाले. सकाळी चहा घेता घेता कलंडली, एवढंच. तिचा मुलगा, माझा दिनेशदादा, फोनवर म्हणाला, “आई गेली गं,” आणि पुढच्याच वाक्याला, “बॅनरला फोटो पायजे. तुझ्याकडं हाय ना, तो पत्रकावरचा?” होता. चांगल्या कॅमेऱ्याने काढलेला तो एकच. नाहीतर मग आधार कार्डावरचा. मी तो पाठवला, आणि दुपारपर्यंत गव्हाणच्या नाक्यावर माझी आत्या फ्लेक्सवर उभी होती, पडलेल्या चेहऱ्याने, डोळे खाली घालून. येणारेजाणारे म्हणत होते, बिचारी, किती दुःखी होती. ती दुःखी नव्हती हो. तिला तसं दिसायला मी सांगितलं होतं.

झालं असं, की आत्याच्या सासरचं मिठागर भूसंपादनात गेलेलं. आम्ही पोरं त्या जमिनींसाठी भांडतो, सभा घेतो, पत्रकं वाटतो. या वेळच्या पत्रकाला फोटो हवा होता. आगर गेलेली म्हातारी, आणि तिच्या मागे परदेशी थाटाचं चकचकीत हॉटेल. मी आत्याला फोन केला, “शनिवारी बाहेर जेवायला जाऊ.” फोटोचं बोललेच नाही. “मना? जेवायला?” ती म्हणाली, “कंचा सनवार हाय गं?” आणि शनिवारी जांभळं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून, बारा वाजल्यापासून ओट्यावर तयार बसली होती.

आत शिरताच तिने सगळीकडे नजर फिरवली. लाकडी बाकं, भिंतीला टांगलेली पिंपं, छताला निळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या पताका. “पिंपात काय, सुकट?” बिअर, मी म्हटलं. गॅलिसवाली चामड्याची अर्धी चड्डी घातलेला एक मिशाळ वेटर ताटं घेऊन गेला, तेव्हा तिने माझ्या मांडीला चिमटा काढला. “एवरा मोटा बाप्या, त्याला कोनी लेंगा दिला नाय?” आंबवलेला कोबी आला तर म्हणे, “यो कालचा हाय, त्यांना सांग.” मग आला तो मोठा गाठीचा पाव, वरून जाडं मीठ लावलेला. तो मात्र तिने दोन्ही हातांनी उचलला. बोटाने एक खडा काढून जिभेवर ठेवला. डोळे मिटले. “आपला नाय,” ती म्हणाली. “पन मीठ लावायची अक्कल हाय यांना.”

इथे एक रीत सांगायला हवी. आत्याच्या घरी, कोणाकडे पहिल्यांदा जेवायला जायचं तर आपल्या आगरातलं मूठभर मीठ न्यायचं. आगर गेलं त्या साली तिने शेवटचं मीठ एका बरणीत भरून ठेवलं होतं आणि अशा वेळीच त्यातली मूठ काढायची. त्या शनिवारी तिने कमरेची पुरचुंडी सोडली आणि वाढायला आलेल्या बाईपुढे धरली. “पयल्यांदा आलू तुमच्या घरी.” मी म्हटलं, “आत्या, हॉटेल आहे हे, कोणाचं घर नाही!” पण ती वेट्रेस, झालरीचा झगा आणि एप्रन घातलेली, पस्तिशीची, तिने दोन्ही हात पुढे केले. “आजी, मी बेलपाड्याची. आमची आजी पन न्यायची.” पुरचुंडी तिने कपाळाला लावली. आणि आत्या हसली. अशी की दातांची फट दिसली, वळेसर हलला, मागच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली...

माझा कॅमेरा तेव्हा हातात होता. मी काय म्हणाले? “हसू नको, आत्या. जरा उदास बघ. खाली बघ.”

ती थांबली. “कनाला गं?” कशाला, असं एकदाच विचारलं. मग माझ्यासाठी, भाचीचं काहीतरी काम असेल म्हणून, तिने मान खाली घातली. पाव थाळीत ठेवला तो परत उचलला नाही. पत्रक छापून आलं तेव्हा त्यावरून हात फिरवत म्हणाली, “मी अशी दिसते होय?” मी म्हटलं, “छान आलाय फोटो.” आगर घेणाऱ्यांनी निदान कागदावर सही तरी घेतली होती. मी तिचं हसू न विचारता घेतलं.

परवा मी त्या पबमध्ये पुन्हा गेले. कशाला, ते मलाही सांगता येणार नाही. बेलपाड्याची ती वेट्रेस भेटली. आत्या गेल्याचं सांगितलं, तर ती मला काउंटरपाशी घेऊन गेली. तिथे बिअरच्या लहान मगात ते मीठ होतं, करड्या खड्यांचं, वर बशी झाकलेली. “स्वयपाकात टाकू दिला नाय मी,” ती म्हणाली. “काय हसल्या होत्या ओ त्या दिवशी! मागं वाढदिवस चाललेला, ते लोक फोटो काढत होते. त्यांच्यात आल्या असतील.”

म्हणून हे लिहिते आहे. दादाच्या भिंतीवर अजून तोच पडलेला चेहरा आहे, हार घातलेला. तुम्ही होळीनंतरच्या त्या शनिवारी दुपारी तिथे वाढदिवस करत होतात का? तुमच्या केकच्या मागे, जांभळ्या लुगड्यातली एक म्हातारी खदाखदा हसताना दिसेल. तुम्ही तिला कापून टाकलं असेल, तर मूळ फोटो काढा. ज्या पुरवणीत हे वाचताय, तिच्याकडे पाठवा. आणि आमचं पत्रक घरात असेल, तर फाडा. मीच सांगते आहे, फाडा. मग फोन उघडा आणि शोधा. उद्या नको, आत्ता.