न मांडलेला ठराव

आमच्या नदी संस्थेचे अध्यक्ष कसे निवडले गेले, ते आधी सांगते. सभा भरायची नाशिकरोडला माझ्या शाळेत, शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, पहिलीच्या वर्गात. पहिलीला बाकं नव्हती. मुलांना बस्करपट्ट्या आणि बाईंना एक खुर्ची. पहिल्या सभेला आम्ही सात जण होतो. सहा जणांनी मांडी घातली. सातवे होते देवळाली कॅम्पातले निवृत्त सुभेदार, त्यांचे गुडघे काही वाकेनात. मग खुर्ची त्यांना दिली. आता सहा माणसं खाली आणि एक वर म्हटल्यावर आणखी निवडणूक ती कसली करायची? चहा येईपर्यंत ते अध्यक्ष झालेले होते.

मला का घेतलं, तेही गुपित नाही. कार्यकारिणीत एक तरी बाई हवी असं कुणीतरी म्हणालं, आणि वर्गाची किल्ली माझ्याकडे होती. एका दगडात दोन पक्षी. मी तेव्हा तिशीची. नाकावर राग, आणि बोलायला लागले की समोरचा पहिलीतच आहे असं समजायची खोड. राग आता थोडा उतरलाय, खोड आहे तशीच आहे.

ऐंशीच्या आसपासचे दिवस ते. तेव्हा जो उठेल त्याला झाडं लावायची होती. संस्थेचं उद्दिष्ट चांगलं ऐसपैस होतं: दारणा नदी, तिचे काठ आणि काठावरची जमीन यांचं रक्षण. त्यातून कुणालाच काही मिळायचं नव्हतं, तरी माणसं नेमाने यायची. औषधांच्या दुकानाचे मालक यायचे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ यायचे, दोन बागाईतदार मोटारसायकलवरून यायचे. घरी शनिवारी दुपारी झोप येत नाही म्हणून यायचे, असं माझे यजमान म्हणत. म्हणू देत. पावसाळ्यात आम्ही रस्त्याच्या कडेला खरोखरच दोन-अडीचशे खड्डे खणले होते, आणि त्यात लावलेली निम्मी झाडं शेळ्यांनी खाल्ली, हा काही आमचा दोष नव्हे.

सुभेदारसाहेबांचे कान तोफांनी गेलेले. उजव्या कानाने मुळीच ऐकू यायचं नाही आणि डाव्याने त्यांना सोयीचं तेवढं यायचं. ठराव वाचून झाला की ते विचारत, "कुणाची हरकत?" आणि आपण तोंड उघडायच्या आत हात खाली आणून म्हणत, "मंजूर!" समोरच्या डोंगरावर गोळाच पडायचा बाकी.

आणि आमचे चिटणीस. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला, शिफ्टची ड्यूटी, पण माणूस असा टापटिपीचा की त्यांच्या पेनाला टोपण नसलेलं मी कधी पाहिलं नाही. सभा संपल्यावर इतिवृत्त लिहायला त्यांना वेळ नसायचा, कधी दुपारची शिफ्ट गाठायची असायची, तर कधी रात्रपाळीची झोप डोळ्यांवर असायची. त्यांनी यावर तोड काढली. इतिवृत्त ते सभेच्या आधीच लिहून आणू लागले. आधीच! कोण आलं, काय चर्चा झाली, शेवटी आभार कुणी मानले, सगळं. आम्ही चहा प्यायचो, शेळ्यांना शिव्या द्यायचो, वही फिरायची आणि जो तो सही करायचा.

ठरावाला एक मांडणारा लागतो, तो सूचक, आणि एक पाठिंबा देणारा, तो अनुमोदक. यातही चिटणिसांनी न्याय ठेवला होता. कुणाला वाईट वाटू नये म्हणून ते सूचक-अनुमोदकांची नावं आळीपाळीने घालत. त्यामुळे औषधवाले न बोलता सूचक व्हायचे आणि मी गैरहजर असतानाही एकदा अनुमोदक झाले होते. आम्हाला याची मोठी गंमत वाटायची. "बाई, गेल्या सभेत फार मुद्देसूद बोललात तुम्ही," असं सुभेदारसाहेब मला चिडवायचे.

शाळेच्या फाटकाशी एक मावशी भाजीची पाटी घेऊन बसायची. पाणी ओसरलं की दारणेच्या काठचा गाळ उघडा पडतो, त्या गाळावर ती काकडी लावायची. गाळपेर म्हणतात त्याला. तिची सासूही तिथेच लावायची. कागदपत्र कुठलंच नाही, नदी जेवढी जागा सोडेल तेवढी हिची. त्या काकडीला तोड नव्हती हो. मीठ लावायचंही भान राहायचं नाही. तिची लेक पेठकडे दिलेली. लेकीचं पत्र आलं की मधल्या सुट्टीत मावशी ते माझ्याकडे आणायची आणि मी वाचून दाखवायचे. चांगली बातमी असली की एक काकडी पदरात पडायची. वाईट असली तर दोन, कारण मग तिला जास्त वेळ बसायचं असायचं.

एका सोमवारी ती आली ती खाकी लिफाफा घेऊन. "लेकीचं नाय वाटत," म्हणाली. "तलाठ्याचा माणूस देऊन गेला. वाचा बरं."

मी वाचलं. नदीकाठची लागवड आठ दिवसांत काढून जागा मोकळी करावी. तिथे वृक्षारोपण व्हायचं आहे. एका स्थानिक संस्थेने तसा ठराव पाठवला आहे, ठरावाची प्रत सोबत. माझं वाचन शाळेत नावाजलेलं, स्वच्छ, खणखणीत. त्याच आवाजात मी दुसरं पान उलटलं आणि खाली आमच्या संस्थेचा शिक्का दिसला. त्याच्यावर 'सर्वानुमते मंजूर'. त्याच्यावर सूचक, आणि पुढे माझं नाव. संपूर्ण, वडिलांच्या जागी नवऱ्याच्या नावासकट.

पुढचं मी वाचलं नाही. मी कागदाची घडी घातली.

"कुणी केलं ओ बाई हे?" मावशीने विचारलं.

"असेल कुठलीतरी संस्था," मी म्हटलं. "बघते मी काय करता येईल ते."

ती मान हलवून उठली. खोटं बोललं की काय शिक्षा होते, हे मी त्याच सकाळी चाळीस मुलांना सांगितलं होतं. लाज वाटली, फार वाटली, पण तोंडातून खरं निघेना. मी स्वतःला समजावलं की आधी निस्तरू, मग सांगू. निस्तरल्यावर सांगायला बरं वाटतं ना!

त्या संध्याकाळी मी चिटणिसांच्या घरी गेले. ते रात्रपाळीला निघायच्या तयारीत, सायकलला डबा अडकवत होते.

"हा ठराव कधी झाला?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा लावला, प्रत पाहिली. "दीड महिन्यापूर्वी. रोपं मिळवायची तर जागा दाखवावी लागते, बाई. नकाशावर तो काठ पडीक होता."

"नकाशावर! अहो, तुम्ही कधी काठावर उतरला आहात का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, "सासुरवाडी सिन्नरला आहे. एसटीतून जाताना दिसते नदी."

मी कपाळाला हात लावला. नदी वाचवायला निघालेली संस्था, आणि तिच्या चिटणिसांनी नदी पाहिली होती पुलावरून, तीही खिडकीची जागा मिळाली तर. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी तोंड सोडलं, अगदी त्यांच्या बायकोसमोर. ते सगळं ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाले, "बाई, सही तुमची आहे."

होती. निळ्या शाईत, झोकदार. मी वाचलं नव्हतं, कारण मी त्या दिवशी शेळ्यांवर बोलत होते.

बुधवारी तातडीची सभा बोलावली. ही आमच्या संस्थेची पहिली खरी सभा. वही कोरी होती, कारण काय होणार ते चिटणिसांनाही ठाऊक नव्हतं. ठराव रद्द करू म्हटलं, तर टपालवाल्यांनी संस्थेची घटना उघडली: मंजूर ठराव सहा महिने परत घेता येत नाही. सहा महिन्यांत तर नदीला पूर येऊन जाईल. मग एकच वाट उरली. अशी चर्चा झालीच नाही, ठराव मांडलाच नाही, असं लिहून द्यायचं.

"म्हणजे आपण खोटी इतिवृत्तं लिहितो असं कबूल करायचं?" एक बागाईतदार उसळले. "उद्या रोपं कोण देईल? आपली तीन वर्षांची वही रद्दीत जाईल!"

"जाऊ दे रद्दीत," मी म्हटलं. "तिथे एका बाईची भाकरी जातेय."

मग काय विचारता! जो तो बोलायला लागला. औषधवाले म्हणाले, त्या भाजीवालीला दुसरी जागा बघून देऊ. मी म्हटलं, गाळ काय तुमच्या दुकानात मिळतो का? दुसरे बागाईतदार म्हणाले, आज एकीला सोडलं तर उद्या दहा येतील. मी म्हटलं, येऊ देत, निदान त्या काठावर तरी उतरतात. मी इतकी ओरडले की शेजारच्या वर्गातल्या बाई दारातून डोकावून गेल्या. आणि त्या सगळ्या गदारोळात चिटणीस झरझर लिहीत होते. पहिल्यांदाच जे घडतंय ते लिहीत होते बिचारे, घाम पुसत.

सुभेदारसाहेब डावा कान पुढे करून बसले होते. शेवटी त्यांनी विचारलं, "त्या बाईची कुणी भेट घेतली होती का, ठरावाच्या आधी?"

कुणीच घेतली नव्हती.

"मग लिहा," ते म्हणाले. "झालं नाही ते झालं नाही म्हणून लिहा. पहिली सही माझी." या वेळी त्यांनी हरकत विचारली आणि खरोखर थांबले. एक बागाईतदार उठून निघून गेले. बाकी सगळ्यांनी, वाचून, सह्या केल्या.

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सुभेदारसाहेबांबरोबर तहसील कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी आमचं पत्र दोनदा वाचलं. "आपलं दप्तर खोटं आहे असं सांगायला स्वतःहून आलेली संस्था मी पहिल्यांदाच बघतोय," म्हणाले आणि हसले. सुभेदारसाहेबांना ऐकू आलं नाही. ते ताठ उभे राहिले आणि त्यांनी साहेबांना सलाम ठोकला. शुक्रवारी दुपारी नोटीस रद्द झाल्याचा कागद माझ्या हातात होता. मुदतीचे तीन दिवस अजून बाकी होते. बाई गं, केवढा आनंद! मुलांना मी त्या दिवशी गृहपाठही दिला नाही.

सोमवारनंतर मावशी फाटकाशी दिसली नव्हती. मी म्हटलं, असेल मळ्यात. शाळा सुटल्यावर मी नदीची वाट धरली, पर्समध्ये तो कागद. खरं सांगते, चिटणिसांना एवढं बोलले, पण त्या काठावर मीही पहिल्यांदाच उतरत होते. चपला हातात घेऊन, घसरत.

मावशी पाण्याच्या कडेला कुदळ धूत होती. तिच्यामागे गाळाचा लांबच लांब पट्टा, आणि त्यावर काहीच नव्हतं. नुसती आळी, ओळीने, उकरलेली. बांधाला तिच्या दोन शेळ्या होत्या आणि त्यांच्यापुढे कोवळ्या वेलांचा ढीग. काही वेलांना पिवळी फुलं होती.

"मावशी, हे काय केलंत?"

"बुधवारीच काढलं," ती म्हणाली. "आठव्या दिवशी माणसं येऊन तुडवणार, त्यापरीस आपल्या हातानं काढलेलं बरं. शेळ्यांच्या तरी कामी आलं."

"अहो, पण मी बघते म्हटलं होतं ना!"

"बघते तर समदेच म्हणत्यात. पण कागद तुम्ही वाचला. तुम्ही वाचला म्हंजी तो खराच."

मी पर्समधून नवा कागद काढला आणि वाचून दाखवला. नोटीस रद्द. तिने पदराला हात पुसले, कागद घेतला, उलटसुलट केला आणि परत माझ्या हातात दिला. पुन्हा लावता येईल का, असं मी विचारलं. नाय, म्हणाली, आता वेलाला फळ धरेस्तोवर वर धरणाचं पाणी सुटंल, हे साल गेलं.

तेव्हा कुठे माझ्या तोंडून खरं निघालं. "मावशी, ती संस्था माझीच आहे. ठरावावर नाव माझं आहे. सोमवारी तुम्हाला वाचून दाखवताना मी ते पाहिलं होतं, पण बोलले नाही. लाज वाटली मला."

ती रागावेल असं वाटलं होतं. शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. ती माझ्याकडे बघत राहिली. सोपी गोष्ट न उमजणाऱ्या मुलाकडे मी वर्गात जशी बघते, तशी.

"मंग तवाच सांगायचं ना, बाई," ती म्हणाली. "तुमचाच कागद हाय म्हणल्यावर मी तुमच्या दारात येऊन बसले असते. काकडी कशाला उपटली असती?"